गळ्याचं बटण

जन्ममृत्यूचे दाखले देणाऱ्या कचेरीत गणवेश तपासायला एक साहेब होता. लोक त्याला टापटीपसाहेब म्हणत. हा गृहस्थ माणसाला हनुवटीच्या वर बघतच नसे. एकदा त्याची सख्खी बायको डबा द्यायला आली, तर तिला त्याने रांगेत उभं केलं, आणि चार तासांनी घरी जाऊन ती अजून कशी आली नाही म्हणून काळजी करत बसला, असं शिपाई शपथेवर सांगे.

चार नंबरच्या खिडकीवर काका बसत. दम्याचा माणूस, औषधांनी मान सुजलेली. गळ्याचं बटण लावलं की जीव घुसमटायचा. ते उघडं सापडलं म्हणून दोन शेरे पडले होते. तिसऱ्याला नोकरी गेलीच. आणि निवृत्तीला उरले होते अठरा दिवस.

शेजारच्या खिडकीवरच्या ताईने तोड काढली. साहेबाचे बूट करकरले की ती दोन खिडक्यांमधल्या फळीवरून हात घालून काकांचं बटण लावी, तो गेला की सोडी. काकांच्या बोटांना ते जमत नसे.

त्या दिवशीही तिने लावलं. "पाच मिनिटं कळ काढा, काका."

"पाच मिनिटांचं काय घेऊन बसलीस, अठरा दिवस काढायचेत!" काका हसले, पण आवाज फुटला नाही.

साहेब पहिल्याच खिडकीवर अडकला. तिथल्या पोरीची बाही बोटभर आखूड निघाली. पट्टी काढून त्याने अर्धा तास व्याख्यान झोडलं. इकडे ताईच्या पुढ्यात एक नवा बाप जन्मतारखेवरून हमरीतुमरीवर आलेला. त्या गडबडीत तिचं शेजारी लक्षच राहिलं नाही.

अखेर साहेब चार नंबरला आला. "वा! मान ताठ, बटण बंद, हूं नाही की चूं नाही. असं बसावं!" वहीत त्याने लिहिलं, 'उत्तम'.

रांगेतली बाई म्हणाली, "अहो, हे मघापासून हललेले नाहीत."

"मग? कामावर चुळबुळ चालत नाही बाई."

ताईने वळून पाहिलं आणि झेप घेतली. बटण मांसात रुतलेलं, निघेना. "कात्री द्या कुणीतरी!"

"कात्री कशाला? कचेरीचं कापड आहे ते," साहेब म्हणाला.

तिने दातांनी दोरा तोडला. कॉलर मोकळी झाली. काकांनी श्वास घेतला नाही.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण 'दमा' लिहिलं. चार नंबर बंद होता, म्हणून चौथ्या दिवशी काकांची मुलगी दाखल्यासाठी ताईच्याच खिडकीवर आली. ताईने नाव घातलं, कारण घातलं, शिक्का मारला.

"शेवटी बाबांजवळ कोण होतं हो?"

"मी."

"बरं झालं," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "परक्याच्या हातात नाही गेले."

ताईने दाखला पुढे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.