उतारावरचं गवत

बायकोला, अर्डिसला, इस्पितळातून घरी न्यायचं ठरलं, तेव्हा ओरिन ट्वेटने डॉक्टरांना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्डिसने मात्र एक गोष्ट मागितली.

"पलंग स्वयंपाकघरात लाव. खिडकीशी. मला माझं गवत बघायचंय. फुलं आली असतील आता."

"आली असतील," ओरिन म्हणाला. तो कितीतरी दिवस इस्पितळाच्या गावी, मेहुणीकडे राहत होता. घराकडे फिरकलाच नव्हता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो उतार सरळ ओढ्यापर्यंत दिसे. पूर्वी तिथे मका असायचा, आणि दर वसंतात बर्फ वितळलं की तिथली काळी माती ओढ्यात जायची. एका वर्षी अर्डिस त्याला न विचारता काउंटीच्या मृदसंधारण कचेरीत गेली आणि तिथल्या अधिकारी जनेल व्होसिकाला घेऊनच घरी आली. सरकार देशी गवत आणि रानफुलांच्या बियाण्याला मदत करणार होतं, वर दरसाल जमिनीचं भाडंही. बदल्यात दहा वर्षं नांगर घालायचा नाही, आणि ऑगस्टपर्यंत गवत कापायचं नाही, कारण पाखरं जमिनीवर घरटी करतात.

ओरिनने सही केली. पण धान्यकोठाराशी सकाळच्या कॉफीला जमणाऱ्या मंडळींत त्यानेच थट्टा सुरू केली. "सरकार मला तण वाढवायचे पैसे देतंय," तो म्हणाला, आणि सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला शेजारचा लॉवेल ब्रेक्के.

हसू आणलं तरी ओरिनला लाज वाटत होती. इथे माणसाचं शेत त्याच्या चेहऱ्यासारखं वाचतात. एक ओळ वाकडी गेली तरी रविवारी चर्चच्या पायरीवर तिचा विषय निघतो. आणि इथे तर पहिली दोन वर्षं नुसते काटे आणि रानटी गवत. रस्त्यावरून जाणारे गाडी हळू करून बघत. अर्डिस गुडघ्यांवर बसून एकेक रोप शोधायची, नावं घ्यायची. "वर काही दिसत नाही, कारण सगळी मुळं खाली चाललीयत," ती सांगायची. "तिसऱ्या वर्षी बघ." ओरिन हो म्हणायचा आणि ट्रॅक्टरकडे जायचा.

हे तिसरं वर्ष होतं.

मधे एकदा लॉवेलचा फोन आला होता. "घरचं काय करायचंय ते सांग."

"काही नाही रे. चाललंय."

"लाजतोस काय नव्या नवरीसारखा? सांग ना!"

मदत मागणं ओरिनला कधी जमलं नव्हतं. त्याच्या वडिलांनाही नव्हतं. "बरं, तुला दिसेल ते कर," तो म्हणाला.

अर्डिसला आणण्याच्या आदल्या दिवशी पलंग लावायला तो घरी आला. कुंपणाची मोडलेली दारं सरळ झाली होती. बटाट्यांना मातीची भर घातली होती. पायरीवर फॉइलने झाकलेली भांडी आणि रूबार्बच्या आंबट देठांचा केक होता. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि खिडकीपाशी उभा राहिला.

उतार दाढी केल्यासारखा गुळगुळीत होता.

मागून लॉवेल आला, टोपी हातात धरून. "दोन्ही जावयांना घेऊन आलो होतो. म्हटलं, अर्डिस घरी येतेय, खिडकीतून तरी नीटनेटकं दिसू दे. काय माजलं होतं रे! कमरेएवढं, सगळं जांभळं जांभळं. मधे काही पिवळं. तुला किती लाज वाटायची ते मला माहीत नाही काय?"

ओरिनने त्याच्या उन्हाने रापलेल्या हातांकडे पाहिलं. त्यांवर ओरखडे होते.

"छान झालंय," तो म्हणाला. "आभारी आहे."

"आभार कसले, वेड्या!"

संध्याकाळी जनेल आली. रस्त्यावरूनच तिला दिसलं असावं, कारण गाडीतून उतरताना तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणी कापलं?"

"मी."

"तुम्ही तर इस्पितळात होतात, ओरिन."

"मीच म्हटलं ना."

ती पायरीवर बसली. "मला वर कचेरीत कळवावं लागेल. घरट्यांचे दिवस आहेत."

"कळव."

"मुळं आहेत खाली," ती हळूच म्हणाली. "पुढच्या जुलैत पुन्हा—" आणि तिथेच थांबली. तिला रडू आलं.

ती गेल्यावर ओरिन उतारावर गेला. एखादं फूल राहिलं असेल. कडेला, खांबाच्या बुडाशी, तारेखाली. पण लॉवेलने कुंपणाखालीसुद्धा हातातलं गवत कापायचं यंत्र फिरवलं होतं. त्याने आयुष्यात अर्धवट काम केलं नव्हतं. कापलेलं सगळं सुकून करडं झालं होतं.

पलंग दुसऱ्या खिडकीशी लावावा, असं त्याच्या मनात आलं. लावला मात्र तिने सांगितलं होतं तिथेच. फक्त पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी अर्डिसला स्ट्रेचरवरून अंगणातून नेताना वारा उताराकडून येत होता. कापून वाळलेल्या देठांचा वास होता त्याला, ओव्यासारखा तिखट. तिने डोळे मिटून तो आत घेतला. पलंगावर निजवल्यावर ती म्हणाली, "पडदा राहू दे. वासावरून कळलं मला, कापलंय. फुललं होतं ना?"

ओरिनला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"कुणी कापलं?"

"लॉवेलने. तुझ्यासाठी म्हणून."

तिने मान त्याच्याकडे वळवली. "त्याला काही बोलला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. केकचं भांडं धुऊन पाठव." तिने त्याचा हात शोधला. तिचा हात अगदी हलका झाला होता. "मग तू सांग. कसं दिसत होतं?"

"जांभळं जांभळं," ओरिन म्हणाला. "कमरेएवढं."

"आणि?"

"मधे पिवळं."

"पिवळं कुठलं? उंच, का बुटकं?"

तिने त्याला दोन वर्षं ती सगळी नावं सांगितली होती. त्याने एकही ऐकलं नव्हतं. ती डोळे मिटून वाट बघत होती, आणि ओरिन तिचा हात धरून बंद पडद्याकडे बघत राहिला.