दिवा जळत होता

बेंबळीच्या शिवारातली ज्ञानोबांची विहीर गाळानं भरली होती. ती उपसायला त्यांनी बिभीषणला बोलावलं. बिभीषण नववीत शाळा सोडून बापाच्या मागं विहिरीत उतरला होता, तो पन्नाशी आली तरी उतरतच होता. आसपासच्या गावांत कुणाची मोटार पाण्यात पडो, कुणाचा पाईप अडको, निरोप त्यालाच यायचा. मुलगा समर्थ अकरावीत कॉलेज सोडून हाताखाली आला, याचा त्याला मनातून अभिमान होता. धाकटी हर्षाली मात्र धाराशिवला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होती. ती सुट्टीला घरी आली की बापलेकीचे खटके उडायचे.

"बाटल्यांत पाणी वतून बघायचं, ह्याला शिक्षण म्हंत्यात व्हय?" त्या दिवशी सकाळी निघता निघता तो म्हणाला होता. "तुझा भाऊ बघ. हाताला काम हाय त्याच्या."

दुपारी हर्षालीच दोघांची भाकरी घेऊन विहिरीवर आली.

विहीर अरुंद आणि खोल. गुरं आत पडू नयेत म्हणून ज्ञानोबांनी निम्मं तोंड फरश्या टाकून झाकलं होतं. दिवसा लाईट नव्हती, आणि पाणी इतकं खोल होतं की वर ठेवलेलं इंजिन ते ओढीना. म्हणून बिभीषणनं डिझेल इंजिन काठावरच्या यारीच्या, ओझं चढवा-उतरवायच्या क्रेनच्या, दोरानं आत पाण्यालगतच्या दगडी कठड्यावर उतरवलं होतं. उघड्या, रुंद विहिरींत त्यानं हे कैकदा केलं होतं. सकाळभर इंजिन धडधडत राहिलं, धूर फरश्यांखालून रेंगाळत वर येत राहिला. मग डिझेल संपलं आणि ते बंद पडलं.

समर्थ कॅन घेऊन लोखंडी शिडीनं खाली उतरला. बिभीषण भाकरीचं फडकं सोडत होता. आतून कॅन आदळल्याचा आवाज आला.

"समर्थ, काय पडलं रं?"

उत्तर नाही. बिभीषण काठावरून वाकला. अंधुक उजेडात पोरगं इंजिनाशेजारी आडवं दिसलं. एक पाय कठड्याच्या बाहेर लोंबत होता आणि खाली काळं पाणी होतं.

त्यानं तिथल्या तिथं कंदील पेटवून दोराला बांधला आणि सोडला. बापानं शिकवलेलं त्याच्या अंगात भिनलेलं होतं: आधी दिवा, मग माणूस. कंदील खाली गेला, समर्थच्या छातीजवळ टेकला. ज्योत सरळ उभी होती. फडफडलीसुद्धा नाही.

"हवा चांगली हाय. पाय घसरला असंल," असं म्हणत त्यानं शिडीकडं धाव घेतली.

हर्षाली त्याच्या आधी तिथं पोहोचली. शिडीच्या तोंडाशी पाय आत सोडून बसली आणि दोन्ही हातांनी गज धरले.

"आबा, उतरू नका."

"सरक."

"इंजिनाच्या धुराचा वायू हाय आत. त्याला वास नसतो आणि त्यात दिवा इझत न्हाय. माणूस पडतो."

"दिवा जळतोय ना समोर? डोळ्यांनी बघ. सरक म्हंतो ना."

"जळू द्या. त्याला पुरेशी हवा हाय म्हणून तो जळतोय. हा वायू रक्तात शिरतो, दिव्याला रक्त असतंय का?"

ज्ञानोबा मागून ओरडले, "अरे पोरीशी काय बोलत बसलास? लेकरू जाईल तुझं."

बिभीषणनं तिचं मनगट धरून तिला बाजूला ओढायला सुरुवात केली. तिचा हात सुटला असता. पण तिनं मान वर केली, आणि तिचा चेहरा बघून तो क्षणभर थांबला. ती रडत नव्हती. ओठ मात्र पांढरे पडले होते.

"तुम्ही गेलात तर दोघं पडणार," ती म्हणाली. "मग वरून गळ टाकून काढायला कोण राहणार? ज्ञानोबाकाका? मी? ह्या गावात वरून माणूस काढणारे तुम्ही एकटेच आहात, आबा. तुम्ही वर पायजे."

आत बिभीषणचा मुलगा पडला होता आणि त्याचे पाय आपोआप शिडीकडं ओढले जात होते. आयुष्यभर त्या कंदिलावर त्यानं जीव सोपवला होता. आज तो कंदील जा म्हणत होता, आणि पुस्तकं वाचलेली पोर थांब म्हणत होती. खोटं कोण, हे तपासायला उतरण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

त्यानं तिचं मनगट सोडलं.

"ज्ञानोबा, फरश्या काढा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हर्षा, आता काय करायचं ते बोल."

"ज्ञानोबाकाकांचा द्राक्षबाग फवारायचा ब्लोअर. हवा आत मारायची. पण ब्लोअरचं तोंड विहिरीकडं ठेवून ट्रॅक्टर होईल तितका लांब, वारा धूर पलीकडं नेईल अशा अंगाला उभा करा. त्याचाबी धूर आत जाईल न्हायतर."

ज्ञानोबा पळाले. बिभीषणनं फरश्या उलथायला पहार घातली. हर्षालीनं फोनवर अॅम्ब्युलन्सवाल्याला शेताची वाट सांगितली. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, तरी तिचा आवाज चढला नाही.

ब्लोअर सुरू झाला. वरून सोडलेल्या हवेनं विहिरीतला पालापाचोळा गोल फिरू लागला. बिभीषण काठावर पोटावर पालथा झाला आणि दोराला अनेक आकड्यांचा लोखंडी गळ बांधला. बुडालेल्या बादल्या त्यानं याच गळानं अंधारात काढल्या होत्या, पण बादलीला कातडी नसते. त्यानं गळाच्या टोकांना फडकं गुंडाळलं, फक्त एकच उघडं ठेवलं. समर्थच्या कमरेला जाड पट्टा होता. तो पट्टा आणि पाठ यांच्यात बोटभर फट होती. तिथं पोहोचायचं होतं.

ज्ञानोबांची बायको सारजाबाई शेतातल्या घरातून आरसा घेऊन आल्या. त्यांनी ऊन पकडून कठड्यावर पाडलं. पोराचा चेहरा उजळला, आणि बिभीषणला वाटलं की बघू नये. त्यानं फक्त पट्ट्याकडं नजर लावली.

पहिल्यांदा गळ घसरला. दुसऱ्यांदा टोक शर्टात अडकलं. दोर ओढताच शर्ट टरकला आणि समर्थ कडेकडं सरकला. खालचं पाणी हललं. बिभीषणच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात रिकामा नव्हता. त्यानं दोर बोटांत सैल सोडला, थोडा हेलकावा दिला, पुन्हा दिला. टोक पट्ट्याखाली शिरलं. ते त्याला दिसलं नाही, बोटांना कळलं.

"यारीला जोडा. सावकाश. म्या सांगंन तसं."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या रानांतून धावत आलेली माणसं दोर ओढू लागली. समर्थ मधोमध दुमडून, मान खाली टाकून वर येऊ लागला. एका जागी भिंतीच्या दगडाला खांदा अडकला. बिभीषणनं काठावरून दोर तिरका दाबून तो सोडवला. मग हात लागला, पाठ लागली, आणि पोरगं गवतावर आलं.

श्वास होता. घरघरता, विस्कळीत, पण होता. हर्षालीनं त्याला कुशीवर वळवलं, तोंड मोकळं केलं आणि ब्लोअरच्या वाऱ्यापासून बाजूला, मोकळ्या जागी ओढलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती मानेवर बोट ठेवून नाडी बघत राहिली.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावली, रक्त तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, "इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडच होता. तुम्ही उतरला असतात तर दोघांना आणावं लागलं असतं. आता चोवीस तास काढू द्या. डोक्याला इजा किती, ते शुद्धीवर आल्यावर कळेल."

बाकावर बाप आणि लेक शेजारी बसली होती.

"आबा," हर्षाली म्हणाली, "परीक्षेपुरतं वाचलं होतं मी. आत नक्की तेच हाय का, मला कुठं ठाऊक होतं? चुकले असते तर दादा माझ्यामुळं गेला असता. तुम्हाला मी अडवलं म्हणून."

बिभीषणनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. दोरानं तळवे सोलले होते.

"मलाबी गळ लागंल का न्हाय ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "शर्ट फाटला तवा वाटलं, संपलं."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. लहानपणीसुद्धा ती अशी रडली नव्हती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समर्थनं डोळे उघडले. बहिणीचं नाव घेतलं, बापाचं मात्र चटकन आठवलं नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. तो पूर्ववत होईल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. बिभीषणनंही विचारलं नाही. नर्सनं सांगितलं, आत एकानंच बसायचं.

"तू जा," तो हर्षालीला म्हणाला. "त्याला तू वळखू येतीस."

आणि दार बंद होईपर्यंत तो उभा राहिला.