माघारीतली तोफ

मी तोफ बोलतेय. दचकू नका, माझ्या पोटात दारूगोळा नाही, टाल्कम पावडर आहे. माझी नळी म्हणजे इथल्या बाजारातून, टावर चौकातून आणलेला जाडजूड पाइप, आणि चाकं एका बाबागाडीची. बँकेतल्या श्रीनाथने रविवारी गच्चीवर बसून मला ठोकलं, काळा रंग फासला. मागून सायकलचा पंप मारला की मी झकास धूर सोडते.

माझा जन्म इथल्या मराठी समाजाच्या गणेशोत्सवातल्या नाटकासाठी झाला. ते लिहिलं होतं चारुलताबाईंनी, त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. विषय १८०१ सालचा, शिंदे-होळकरांच्या आपसातल्या लढाईचा. भर पावसाळ्यात इथे उज्जैनला होळकरांनी शिंद्यांच्या फौजेला पिटाळलं, आणि पावसाळा सरताच इंदूरला शिंद्यांनी होळकरांना. म्हणजे पहिल्या अंकात एकाने पळायचं, दुसऱ्यात दुसऱ्याने.

घोडं अडलं ते पहिल्याच अंकात. शिंद्यांचे सरदार झाले होते माधव नगरचे भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज खरोखरच शिंद्यांच्या चाकरीत होते. आणि होळकरांचा सरदार कोण, तर त्यांचा इंदूरचा जावई, तुषार. माघारीचा प्रसंग आला की भय्यासाहेब माझ्या नळीवर हात ठेवून उभेच राहायचे. सगळ्या समाजासमोर जावयाला पाठ दाखवायची, हे त्यांना काही केल्या जमेना. नाटक बसेना. चारुलताबाईंनी समजावलं, लेकीने विनवलं. तुषार तर म्हणाला, मीच पळतो दोन्ही अंकांत.

शेवटी चारुलताबाई शांतपणे म्हणाल्या, “भय्यासाहेब, तुमचे पूर्वज त्या दिवशी मागे हटले, म्हणून तर आज तुम्ही आहात.”

भय्यासाहेब अर्धा चहा टाकून घरी गेले. प्रयोगाला येतील की नाही, कुणालाच खात्री नव्हती.

आले. सगळ्यांच्या आधी येऊन फेटा बांधून बसले. हॉल खचाखच भरलेला. मी धूर ओकला, टाळ्या घेतल्या. मग माघारीची वेळ आली. भय्यासाहेबांनी एकदा लेकीकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि मला ओढत निघाले. आणि नेमकं माझं चाक सतरंजीत अडकलं. त्यांनी हिसका दिला, चाक निखळलं, आणि सरदार धपकन खाली बसले.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुषारने आता विजयाची गर्जना करायची होती. त्याने तलवार खाली ठेवली, सासऱ्यांना हात देऊन उठवलं आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही ओढा, मी मागून धक्का मारतो.”

शत्रूच्या तोफेला धक्का मारून त्याला पळून जायला मदत करणारी फौज उज्जैनने पहिल्यांदाच पाहिली. लोक हसून हसून लोटपोट झाले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते भय्यासाहेब.

दुसऱ्या अंकात पळायची पाळी तुषारची. भय्यासाहेब तलवार उपसून त्याच्या मागे धावले खरे, पण जवळ येताच हळूच म्हणाले, “आराम से जा, जावईबापू. पुढे पायरी आहे.”

नाटक संपल्यावर मी भंगारात जाणार होते. भय्यासाहेबांनी मला रिक्षात घालून घरी नेलं. आता मी त्यांच्या अंगणात असते, तीन चाकांवर आणि एका विटेवर. आल्या-गेल्याने विचारलं की ते सांगतात, “माघार घेतली, पण तोफ नाही सोडली.” आणि थोडं थांबून, “धक्का जावयाने मारला.”

तुम्हीही या कधीतरी. फक्त विटेला हात लावू नका.