शेवटची दहा मिनिटं

“तीन माणसांसाठी काय शो चालवायचा? पाठव त्यांना घरी,” थिएटरचे मालक किशोरशेठ म्हणाले.

“शेठ, आजचा दिवस चालवा. उद्या उतरणारच हाय सिनेमा,” मोतीराम म्हणाला. दारावर तिकिटं फाडण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. हात जोडून काही मागितल्याचं हे पहिलंच.

“अरे, रडका सिनेमा तो! आठवड्यात काळं कुत्रं फिरकलं नाही. तुला काय एवढा पुळका?”

पुळका होता खरा. सिनेमातली आई लेकराला स्टेशनच्या बाकावर बसवते, ‘हलू नको, आलेच’ म्हणते आणि जाते. मोतीरामच्या आईने त्याला असंच नाशिकच्या एसटी स्टँडवर बसवलं होतं. सहा वर्षांचा होता तो. कळवणच्या गाड्या लागल्या, सुटल्या. आई काही आली नाही. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनवाल्या यादवमामांना दया आली. त्यांनी घरी नेलं, वाढवलं. तेव्हापासून आईचं नाव निघालं की मोतीराम थुंकायचा. मेली असली तर बरंच, म्हणायचा.

पण पडद्यावरची ती बाई परत येते की नाही? दहा मिनिटं उरली की डोअरकीपरने मागची दारं उघडायची, पार्किंगची साखळी काढायची, हा इथला शिरस्ता. तीस वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट त्याने पाहिला नव्हता, आणि त्यावाचून अडलंही नव्हतं. या आठवड्यात मात्र जीव टांगणीला लागला होता. बाहेर पडणाऱ्या एका पोरीला त्याने विचारलं, तर ती म्हणाली, “काय माहीत काका, मी झोपलेच.”

“चालव बाबा,” किशोरशेठ वैतागून म्हणाले.

शेवटची दहा मिनिटं उरली तसं त्याने झाडूवाल्या लताबाईंच्या हातात किल्ल्या दिल्या. “आज दारं तेवढी तुम्ही उघडा.” आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

आई आली. उशिरा, पण धावत आली. बाक रिकामा होता. आदल्याच दिवशी कुणी भला माणूस पोराला घरी घेऊन गेला होता.

चौथ्या दिवशी स्टँडवर कोण आलं होतं? हे मोतीरामने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. आता विचारायला यादवमामाही उरले नव्हते.

दिवे लागले. माणसं निघून गेली. लताबाई झाडत झाडत त्याच्यापर्यंत आल्या.

“दादा, उठा की. संपला सिनेमा.”

“आली असंल हो ती,” मोतीराम म्हणाला. “मी जन्मभर शिव्या घातल्या तिला.”

लताबाईंना काही कळलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला. मग त्यांनी ती रांग तेवढी सोडली आणि पुढची झाडायला घेतली.