काचबर्फावरचा ठिपका

मुलांनो, डोळे मिटा आणि पाण्याचा एक थेंब समोर आणा. आता तो इतका झटकन गोठवा, की त्यातल्या कणांना रांगेत उभं राहायलाही सवड मिळू नये. झाला काचबर्फ! त्यात स्फटिक औषधालाही नाही. त्याला अगदी हळूहळू ऊब दिली, की कुठेतरी पहिला स्फटिक डोकं वर काढतो. तो क्षण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टिपायला टकळीची मावशी कित्येक महिने जिवाचं रान करत होती.

टकळी म्हणजे तिची भाची. तिच्या तोंडाला कुलूप कधी लागलंच नव्हतं.

"हे बघ टकळे," मावशी म्हणाली, "ही काचबर्फाची शेवटची जाळी. बाकीच्यांची वाट लागली. उद्यापासून यंत्र दुसऱ्यांचं. मी ही यंत्रात सरकवेपर्यंत श्वास सोडायचा नाही. त्यातली वाफ हिच्यावर गोठली, तर स्फटिक आपला की वाफेचा, देव जाणे."

"आणि श्वास कोंडून मेले तर?"

"आवाज न करता मर."

मावशीने चिमटा उचलला. भांड्यातल्या द्रव नायट्रोजनचा पांढरा धूर काठावरून ओघळत होता. टकळी गाल फुगवून वाकली. धुरातून नखाएवढीही नसलेली तांब्याची जाळी वर आली, आणि टकळीच्या तोंडून निसटलंच, "अय्या!"

पंपाच्या घरघरीत मावशीला ते ऐकूच गेलं नाही. तिचा सगळा जीव बोटांत होता. जाळी आत गेली, दार बंद झालं.

पडद्यावर करडा, गुळगुळीत बर्फ. मावशी ऊब कणाकणाने वाढवत, एकेक कोपरा न्याहाळत गेली. एका कोपऱ्यात काळा, षट्कोनी ठिपका दिसला.

"आला!" मावशी खुर्चीतून उठलीच. "एवढ्या थंडीत? अगं, असं कुणाला वाटलंसुद्धा नव्हतं! थांब, सरांना सांगते."

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

टकळीला मघाचं 'अय्या!' आठवलं. बोलावं, तर मावशीचे सगळे कष्ट पाण्यात. गप्प बसावं, तर मावशी साऱ्या जगाला भाचीच्या तोंडची वाफ दाखवणार.

"हॅलो सर..."

टकळीने मावशीच्या हातातून फोन ओढला आणि बंद केला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच एकेक शब्द तोलून, ती म्हणाली, "मावशी, मघाशी मी जाळीवर श्वास सोडला."