पडद्यावरची पार्वती

मी एक स्लाइड बोलतेय. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली बोटभर रंगीत फिल्म. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे ठेवलं की माझ्यातली बाई भिंतीएवढी होते. तिचं नाव पार्वती.

१९९५ साली सुरतेच्या एका दवाखान्यात तिचा फोटो निघाला, तोच माझा जन्म. खानदेशातून आलेली पार्वती साड्या रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला होती. आधी तिची बोटं पांढरी पडली, मग हनुवटी. लोक कोड म्हणू लागले. डॉक्टर अलकाबेनना संशय होता तो रंगातल्या रसायनांचा. त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी कॅमेरा उचलला.

"बेन, तोंड नका घेऊ," पार्वती म्हणाली. "मनी पोरनं लगीन ठरेल शे."

"अगं, पोरीच्या लग्नाला काही होत नाही. फक्त डॉक्टर लोक बघतील."

पार्वतीने विश्वासाने पदर बाजूला केला.

पण मिलमालक अलकाबेनचं ऐकेनात. शेवटी त्यांनी मालक, मुकादम, कामगार सगळ्यांना सभेला बोलावलं आणि पडद्यावर मला लावलं. मागून आवाज आला, "अरे, ही तर आपली पार्वती!" बोलणारा भिकन, पार्वतीच्या होणाऱ्या जावयाचा काका. आठवडाभरात पार्वतीच्या पोरीची, गायत्रीची सोयरीक मोडली.

पार्वती दवाखान्यात आली. "नुसते हात दाखवले असते तर चाललं नसतं, बेन?"

"चेहरा बघूनच मालक हलले गं. आता हातमोजे देणार आहेत. शेकडो बायका वाचतील."

"वाचू द्या ना. पण त्या शेकडोंत माझी गायत्री धरली होती का तुम्ही?"

पार्वती पुन्हा आली नाही. नंतर अलकाबेननी माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवली. नथ, कपाळावरचं गोंदण, सगळं तसंच उघडं.

हातमोजे आले, हे मी नाकारत नाही. पण वस्तीत बातमी पसरली आणि बायका यायच्या थांबल्या. संशोधन अर्ध्यावर पडलं. मी मात्र दर वर्षी डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांपुढे उभी राहते. पार्वतीला कुणी विचारायला गेलं नाही.

परवा खूप दिवसांनी एक बाई आली. मानेवर पांढरे डाग. फोटोचं निघताच तिने विचारलं, "कोण कोण बघणार?"

या वेळी अलकाबेन खरं बोलल्या. "मला सांगता येणार नाही."

बाई तपासून न घेताच निघून गेली. कुणीतरी तिला परत बोलवा हो. फोटो राहू द्या, निदान औषध तरी द्या.