गोपीनाथ नावाचा थर्मामीटर

"गोपीनाथ? हे काय तापमानाचं नाव झालं?" मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट आपटलं. अच्युतराव चष्मा पुसत बसले. माझं डोकं फिरलं की हा माणूस चष्मा पुसतो.

इंदूरच्या एका बंद पडलेल्या मिलमधली हवेची जुनी मोजमापं आमच्या कॉलेजनं संशोधनासाठी घेतली होती. ती कॉम्प्युटरवर चढवायला अच्युतराव कंत्राटावर आले. मिलमध्ये ही मोजमापं घेणं हेच त्यांचं काम. सूत तुटू नये म्हणून खात्यात ओलावा राखायचा, त्यासाठी जागोजागी थर्मामीटर. आणि मिलची रीत अशी, की जो माणूस जो थर्मामीटर बघायचा, त्या माणसाचंच नाव त्या थर्मामीटरला. गोपीनाथ, शाम, कृष्णराव. यांनी रकान्यांनाही तीच नावं ठोकून दिली!

"अहो, पुण्यात बसून हे आकडे वापरणाऱ्या माणसाला गोपीनाथ कसा कळणार?"

"मला विचारतील ना, यामिनीजी."

दुखणं तेच होतं. नाव असं हवं, की कोणाला विचारावंच लागू नये. आणि विचारावं लागलं नाही, तर अच्युतरावांचं कंत्राट वाढवायला माझ्याकडे कारण उरत नव्हतं. घरात मिळवणारे ते एकटे. हे मला माहीत होतं, त्यांनाही. म्हणून तर मी जास्त चिडत होते.

"तुम्हीच लिहा," मी म्हटलं. "पण साफ लिहा."

त्यांनी गोपीनाथ पुसला. सावकाश टाइप केलं: हवेचं तापमान, कताई खातं, पश्चिमेच्या दाराजवळ, सेल्सिअस. मग शाम पुसला, कृष्णराव पुसला. शेवटचा रकाना त्यांचा स्वतःचा, ओलावा मोजायला ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा. तिथूनही अच्युत गेला.

मी वाचलं. शंकेला जागाच नव्हती. मला रडू येत होतं आणि रागही.

"जरा मोघम ठेवायचं होतंत! दोन-चार महिने तरी निघाले असते."

"नाही हो. मिल बंद झाली तेव्हा गेटवर कागद लावला होता. सगळे वाचत उभे, पण उद्या यायचं की नाही, कोणालाच समजेना. मतलब, इतकं गोलमोल. गोपीनाथ बिचारा हप्ताभर डबा घेऊन येत राहिला. तसं माझ्या हातून नको."

मी फाइल सेव्ह केली. ते उठले, पिशवी घेतली.

"मग उद्या येऊ?"

विचार करू, कळवते, असं काहीतरी तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

"नका येऊ, अच्युतराव. काम संपलं."